अँटीबॉडीचं शेपूट

एचआयव्हीची नेहमीची टेस्ट मुळात व्हायरस शोधत नाही, ती अँटीबॉडी शोधते. १९८५ साली एलायझा टेस्ट वापरात आली तेव्हापासून रक्तात या व्हायरसविरुद्ध अँटीबॉडी आहेत का एवढंच बघायचं हीच मूळ पद्धत, नंतरच्या टेस्टमध्ये व्हायरसचं एक प्रोटीनही सोबत शोधायला लागले पण गाभा तोच राहिला. आणि हे मला कायम विचित्र वाटत आलंय. गोवर होऊन गेला, अँटीबॉडी सापडल्या, तर आपण म्हणतो चला सुटलो. हिपॅटायटिस बीची लस घेतली, अँटीबॉडी तयार झाल्या, तर सुरक्षित झालो. इथे मात्र अँटीबॉडी सापडल्या म्हणजे आजार आहे, आणि तो आपणहून जाणार नाही.

माझी एक जवळची मैत्रीण कित्येक वर्षं एचआयव्हीसोबत जगतेय (तिला विचारूनच हे लिहितेय). रोज गोळी घेते, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, टेस्टमध्ये दिसणारही नाही इतका कमी आहे, म्हणजे शरीरसंबंधातून तिच्याकडून कुणाला संसर्ग होत नाही, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. मी बायोलॉजी शिकवते म्हणून असेल, एकदा तिने मला सरळ विचारलं, "अगं, माझ्या शरीराने अँटीबॉडी बनवल्या ना? मग त्या आत बसून करतात तरी काय?" प्रश्न इतका साधा आणि इतका रास्त होता की मी तेव्हापासून जमेल तसं यावर वाचतेय. आणि वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली, ती म्हणजे आपण सगळ्यांनी अँटीबॉडीच्या अर्ध्या भागाकडेच लक्ष दिलं आणि उरलेला अर्धा बराच काळ मागे पडला.

अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो हे शाळेच्या पुस्तकातही असतं. वरचे दोन हात आणि खाली एक शेपूट. ही रचना उलगडली म्हणून रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. पोर्टर यांनी पपईतल्या पपेन या एन्झाइमने अँटीबॉडीचे तुकडे केले तेव्हा तीन तुकडे मिळाले, त्यातले दोन पकडणारे, आणि तिसरा असा जो काहीच पकडत नव्हता पण ज्याचे छान स्फटिक होत होते. तो तिसरा तुकडा म्हणजे शेपूट. हात प्रत्येक अँटीबॉडीचे वेगळे, कारण प्रत्येकीला वेगळी वस्तू पकडायची असते, शेपूट मात्र एका प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडींचं जवळपास सारखंच. आता जे सगळीकडे सारखं असतं त्याकडे कोण बघतं! वर्गात सुद्धा आपण हातांवरच अख्खा तास घालवतो, हात व्हायरसला कसे पकडतात, व्हायरस पेशीत शिरायचा कसा थांबतो वगैरे, आणि शेपटीला शेवटची दोन मिनिटं मिळतात.

तर आधी हातांचं बघू, कारण एचआयव्हीच्या बाबतीत हातांची दमछाक का होते ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या व्हायरसच्या अंगावर पेशीला चिकटायचे जे काटे असतात ते फार थोडे, एका कणावर साधारण डझनभर, फ्लूच्या व्हायरसवर असे शेकडो असतात. काटे थोडे आणि लांब लांब, त्यामुळे अँटीबॉडीला दोन्ही हातांनी दोन काटे पकडता येत नाहीत, एकाच हातावर लोंबकळावं लागतं. त्यात काट्याचा बाहेरचा भाग, ज्याला जीपी-१२० म्हणतात, त्याच्या वजनातला जवळपास निम्मा भाग साखरेच्या साखळ्यांचा, आणि ही साखर आपल्याच पेशींनी चढवलेली असते, त्यामुळे इम्यून सिस्टिमला ती परकी वाटतच नाही. आणि व्हायरस सतत बदलतो. संसर्ग झाल्यावर काही महिन्यांनी शरीर व्हायरसला अडवणाऱ्या अँटीबॉडी बनवतं खरं, पण तोवर व्हायरस रूप बदलून पुढे गेलेला असतो, मग शरीर नव्या रूपासाठी नव्या बनवतं, तो परत बदलतो. थोड्या लोकांमध्ये काही वर्षांनी अशा अँटीबॉडी तयार होतात ज्या जगभरातल्या बऱ्याच वेगवेगळ्या एचआयव्हींना अडवू शकतात, आणि त्यांच्यावर प्रचंड काम झालंय, ते मोलाचंच आहे, मी ते कमी लेखत नाहीये.

पण अडवणं हे एक काम झालं. व्हायरस आत शिरून बसला त्याचं काय?

एचआयव्ही मुख्यतः इम्यून सिस्टिमच्याच सीडी-४ टी पेशींमध्ये शिरतो (सीडी-४ हे त्यांच्या अंगावरचं प्रोटीन, काटा त्यालाच चिकटतो), आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि तीच पेशी वापरून नवे व्हायरस बनवायला लागतो. आत बसलेल्या व्हायरसपर्यंत अँटीबॉडी पोचू शकत नाही. पण नवा व्हायरस बाहेर पडायच्या आधी त्याचे काटे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर आणून ठेवावे लागतात, कारण ते आवरण पांघरूनच तो बाहेर पडणार असतो. म्हणजे संसर्ग झालेल्या पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, व्हायरसचा माग दिसायला लागतो. आणि इथे अँटीबॉडीला दुसरी संधी मिळते. ती हातांनी तो काटा धरते आणि शेपूट बाहेर राहतं.

नॅचरल किलर पेशी, सगळे एनके पेशीच म्हणतात, यांच्या अंगावर सीडी-१६ नावाचा रिसेप्टर, म्हणजे पकडून ओळखणारं प्रोटीन असतं, ते नेमकं हे शेपूट ओळखतं. एका सुट्या शेपटीवरची त्याची पकड कमकुवत असते, आणि तशीच असायला हवी, कारण रक्तात अब्जावधी अँटीबॉडी मोकळ्या फिरत असतात आणि प्रत्येक शेपटीला एनके पेशी भडकायला लागली तर आपलं काही खरं नाही. पण एकाच पेशीवर बऱ्याच अँटीबॉडी जवळ जवळ बसल्या, बरीच शेपटं एकत्र मिळाली, की एनके पेशीच्या आत सिग्नल सुरू होतो. मग ती त्या पेशीला घट्ट चिकटते, आपल्या आतल्या पुड्या दोघींच्या मधल्या फटीत नेऊन रिकाम्या करते, त्यातलं परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत जातं आणि ती पेशी स्वतःचंच विघटन करून घेते. काम झालं की एनके पेशी सुटून दुसऱ्या पेशीकडे जाऊ शकते. या सगळ्याला एडीसीसी म्हणतात. मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशीसुद्धा अशाच शेपटींच्या आधाराने अँटीबॉडी बसलेल्या गोष्टी गिळतात. कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातल्या प्रोटीनची एक तिसरी वाटही आहे, पण तिथे एचआयव्ही माणसाच्या पेशीवरचं सीडी-५९ हे संरक्षक प्रोटीन आपल्या आवरणासोबत उचलून नेतो आणि बराचसा सुटतो.

यात अँटीबॉडी स्वतः कुणालाच मारत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती दाखवते फक्त. मारायची ताकद दुसऱ्याकडे आहे, पण कुणाला मारायचं हे त्या दुसऱ्याला एकट्याने कळत नाही. आणि वेळेचं गणित बघा, व्हायरस बनवायला लागलेली पेशी तशीही साधारण एक-दोन दिवसच जगते. मग कुणी म्हणेल, मरणारच आहे ना ती, तिला मारून काय मिळणार? मिळतं ते असं की त्या एक-दोन दिवसांतच ती नवे व्हायरस बाहेर सोडत असते, तिला जितक्या लवकर संपवाल तितके ते कमी बाहेर येणार.

ही यंत्रणा नुसती कागदावरची नाही हे कॅन्सरच्या औषधांवरून कळतं. रिटुक्सिमॅब १९९७ पासून वापरात आहे, ती एक अँटीबॉडीच, बी पेशींच्या लिम्फोमा या कॅन्सरमध्ये त्या पेशींवरचं सीडी-२० हे प्रोटीन पकडते आणि तिच्या कामात एडीसीसीचा मोठा वाटा मानतात. तिथेच एक बारीक गोष्ट लक्षात आली. माणसामाणसांत सीडी-१६ चा एक अमिनो आम्ल वेगळा असतो, १५८ क्रमांकाच्या जागी काहींकडे व्हॅलिन, काहींकडे फेनिलअ‍ॅलनिन, आणि व्हॅलिनवाल्यांची शेपटीवरची पकड जास्त घट्ट. २००२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की एका प्रकारच्या लिम्फोमात व्हॅलिनवाल्या पेशंटना त्या औषधाचा गुण जास्त येत होता. शेपटीवरसुद्धा एक साखरेची साखळी असते आणि त्यातली फ्यूकोज नावाची एक साखर काढून टाकली की सीडी-१६ ची पकड कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे तीच अँटीबॉडी, तेच हात, आणि शेपटीतल्या एका साखरेने फरक पडतो. औषध न घेता एचआयव्ही दाबून ठेवणारे जे अगदी थोडे लोक असतात, शंभरात एकाहूनही कमी, त्यांच्या अँटीबॉडींच्या शेपटीवरच्या साखरा इतरांपेक्षा वेगळ्या घडणीच्या असल्याचंही आढळलंय.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. तिच्या शरीरात एडीसीसी करू शकणाऱ्या अँटीबॉडी नक्की बनल्या असणार, कारण बहुतेक सगळ्यांच्यात त्या बनतात, आणि व्हायरस अडवणाऱ्या अँटीबॉडींच्या कितीतरी आधी, संसर्गानंतर काही आठवड्यांतच. मग संसर्ग झालेल्या पेशी उरतात कशा? याचं उत्तर व्हायरसने केलेल्या एका कामात आहे, आणि या सगळ्या विषयातलं मला सगळ्यात थक्क करणारं प्रकरण हेच.

काटा जेव्हा मोकळा असतो तेव्हा तो मिटलेल्या कळीसारखा बंद असतो. सीडी-४ ला भिडला की तो उमलतो, आतले भाग उघडे पडतात, आणि मगच तो पेशीत शिरायच्या पुढच्या पायरीला जाऊ शकतो. शरीरात सहज बनणाऱ्या बऱ्याचशा अँटीबॉडी या आतल्या, उघड्या पडणाऱ्या भागांविरुद्धच्या असतात. मिटलेल्या काट्यावर त्यांना बसायला जागाच नसते. आता विचार करा, संसर्ग झालेली पेशी कुठली? सीडी-४ पेशी. म्हणजे तिच्या अंगावर सीडी-४ भरपूर. आणि त्याच अंगावर व्हायरसचे काटे येऊन बसणार. शेजारी शेजारी असलेले हे दोघे एकमेकांना भिडणार, काटे उमलणार, अँटीबॉडी धडाधड येऊन बसणार आणि एनके पेशी त्या पेशीला संपवणार. व्हायरसला हे परवडणारं नाही.

म्हणून तो पेशीवरचं सीडी-४ च काढून टाकतो. एचआयव्हीकडे सगळी मिळून नऊ जनुकं, माणसाकडे वीस हजारांच्या आसपास, आणि त्या नवांतली दोन, नेफ आणि व्हीपीयू, या कामाला लागतात. नेफ पेशीच्या आवरणावरचं सीडी-४ आत ओढून घेतं आणि नष्ट व्हायला पाठवतं, व्हीपीयू नवीन तयार होणारं सीडी-४ वाटेतच गाठतं आणि वर पोचू देत नाही. सीडी-४ काढण्याची व्हायरसकडे आणखीही कारणं आहेत, त्याच पेशीत दुसऱ्यांदा संसर्ग होऊ नये किंवा बाहेर पडणारे नवे व्हायरस त्याच पेशीला चिकटून बसू नयेत अशी, पण अँटीबॉडींपासून लपणं हा त्यातला मोठा फायदा आहे हे मॉन्ट्रियलच्या आंद्रेस फिंझी यांच्या गटाने आणि इतरांनी एकामागून एक प्रयोगांतून दाखवलंय. नेफ आणि व्हीपीयू बिघडवलेला व्हायरस पेशीत घातला की त्या पेशीवर सीडी-४ टिकतं, काटे उमलतात, आणि एचआयव्ही असलेल्या माणसाच्या साध्या सीरममधल्या, म्हणजे रक्तातून पेशी काढून उरलेल्या द्रवातल्या, अँटीबॉडीसुद्धा तिला एनके पेशींकडून मारून घेतात.

व्हीपीयूचं आणखी एक काम आहे. आपल्या पेशींवर टेदरिन नावाचं प्रोटीन असतं, ते बाहेर पडणाऱ्या व्हायरसला पेशीच्या अंगाशी बांधून ठेवतं, हे २००८ साली उघड झालं. बांधलेले व्हायरस म्हणजे पेशीच्या अंगावर आणखी काटे, म्हणजे अँटीबॉडींना आणखी जागा. व्हीपीयू टेदरिन हटवतं, व्हायरस निघून जातात, पेशीवरचे काटे कमी होतात. आणि नेफ तिकडे पेशीच्या आत काय चाललंय ते टी पेशींना दाखवणारी एचएलए-ए आणि एचएलए-बी प्रोटीन्सही खाली उतरवतं. इतक्या छोट्या व्हायरसने इतकी जनुकं खर्ची घालून जे लपवलं, ते त्याच्यासाठी धोक्याचं असणार यात मला शंका वाटत नाही. अँटीबॉडी काय करतात याचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार मला तरी हा व्हायरसच वाटतो.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांबद्दल मात्र इथे सावध राहायला लागतं. संसर्ग झालेल्या पेशींतून जीपी-१२० चे सुटे तुकडे गळतात आणि ते शेजारच्या निरोगी सीडी-४ पेशींवर जाऊन चिकटतात. तिथे ते सीडी-४ ला भिडलेले, म्हणजे उमललेलेच. मग अँटीबॉडी त्या निरोगी पेशींवर बसतात आणि एनके पेशी त्यांना मारतात. म्हणजे टेस्ट ट्यूबमध्ये "मारलेल्या पेशी" मोजल्या तर आकडा छान येईल, पण मेल्या त्या चुकीच्या. मोजणी करताना संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या पेशी वेगळ्या ओळखल्या नाहीत तर सगळा निष्कर्ष उलटा होऊ शकतो, आणि शरीरात निरोगी पेशींचं असं नुकसान होत असेल तर ते आणखीच वाईट.

शेपटीचं महत्त्व प्राण्यांत पहिल्यांदा ठसठशीत दिसलं ते २००७ साली. डेनिस बर्टन यांच्या अमेरिकेतल्या स्क्रिप्स या संशोधन संस्थेतल्या गटाने बी-१२ नावाची अँटीबॉडी घेतली आणि तिच्या शेपटीतले दोन अमिनो आम्ल बदलले, हातांना धक्काही लावला नाही, ती व्हायरसला आधीइतकीच अडवत होती पण सीडी-१६ सारख्या रिसेप्टरला शेपूट पकडता येईना. माकडांमध्ये तिचं संरक्षण लक्षणीय कमी झालं. फक्त कॉम्प्लिमेंटशी जोडणारा भाग बिघडवला तेव्हा मात्र तसा फरक पडला नाही. पण पुढे पीजीटी-१२१ या जास्त ताकदवान अँटीबॉडीवर असेच प्रयोग झाले, तेव्हा शेपूट निकामी करूनही माकडं सुरक्षित राहिली. आणि फ्यूकोज काढून शेपूट आणखी जोरदार केलेली बी-१२ सुद्धा काही जास्त वाचवू शकली नाही. मला वाटतं हात फारच भक्कम असतील तर शेपटीची गरज लागायच्या आधीच काम होतं, पण शरीराने आपणहून बनवलेल्या अँटीबॉडींचे हात एवढे भक्कम क्वचितच असतात.

माणसांमध्ये बघायचं तर एचआयव्हीच्या लसीची थायलंडमधली आरव्ही-१४४ ट्रायल. १६,४०२ जणांनी भाग घेतला, २००९ साली निकाल आला, लस घेतलेल्यांमध्ये संसर्ग ३१.२ टक्क्यांनी कमी. आकडा छोटा, लस म्हणून वापरण्याइतका नाहीच, पण एचआयव्हीच्या लसीने माणसांत थोडंफार संरक्षण दिलं असं पहिल्यांदाच दिसलं. आणि नवल म्हणजे त्या लोकांच्या अँटीबॉडी व्हायरसला अडवण्यात कमजोरच होत्या. २०१२ साली आलेल्या विश्लेषणात काट्याच्या व्ही-१ व्ही-२ या भागाविरुद्धच्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी ज्यांच्यात जास्त त्यांच्यात संसर्ग कमी दिसला, आणि ज्यांच्यात काट्याविरुद्धच्या आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडी कमी होत्या अशांमध्ये एडीसीसीचाही संबंध संरक्षणाशी दिसला. अर्थात संबंध दिसणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं. त्याच धर्तीवरची दक्षिण आफ्रिकेतली एचव्हीटीएन-७०२ ट्रायल २०२० च्या फेब्रुवारीत थांबवावी लागली, संरक्षण मिळालंच नाही. ती बातमी वाचून वाईट वाटलं होतं, हजारो लोकांनी आपले दंड पुढे केले होते.

केनियातल्या एका अभ्यासाचा मात्र मला फार आधार वाटतो. व्हायरल लोड जास्त असलेल्या ज्या आयांच्या दुधातल्या अँटीबॉडींची एडीसीसी क्षमता जास्त होती, त्यांच्याकडून बाळाला दुधावाटे संसर्ग कमी झाला असं त्यात आढळलं. अभ्यास छोटा होता, तरी.

मग उरतो सगळ्यात कठीण भाग. गोळ्या नियमित घेतल्या की नवे व्हायरस बनणं थांबतं, पण काही सीडी-४ पेशी व्हायरसची जनुकं पोटात ठेवून गप्प बसलेल्या असतात. विश्रांतीत असलेल्या दर दहा लाख पेशींमागे साधारण एखादी अशी, आणि त्यांची संख्या निम्मी व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या गतीने औषधांवर सत्तरेक वर्षं काढली तरच सगळ्या संपतील असा हिशोब निघतो. या पेशींच्या अंगावर काटेच नसतात. काटा नाही तर हातांनी धरायला काही नाही, आणि मग शेपूट कितीही चांगलं असलं तरी उपयोग शून्य. शिवाय औषधांमुळे व्हायरस दिसेनासा झाला की शरीर त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीही हळूहळू कमी बनवायला लागतं, म्हणजे गप्प पेशी कधी जाग्या झाल्या तर तेव्हा हाताशी असलेल्या अँटीबॉडीही थोड्या.

म्हणून सध्या दोन गोष्टी जोडायचा प्रयत्न चाललाय, आधी औषधाने गप्प पेशींना जागं करायचं, मग त्यांच्यावर उगवलेल्या काट्यांवर अँटीबॉडी सोडायच्या. जागं करण्यात थोडंफार यश आलंय, संपवण्यात नाही. दुसरीकडे रॉकफेलर विद्यापीठातल्या मिशेल नुसेन्झ्वाइग यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की ३बीएनसी-११७ ही अँटीबॉडी व्हायरसला अडवते तेवढंच नाही, संसर्ग झालेल्या पेशी रक्तातून लवकर नाहीशा व्हायलाही ती मदत करते, आणि मानवी पेशी घातलेल्या उंदरांत हे शेपूट पकडणाऱ्या रिसेप्टरवर अवलंबून होतं.

आणि फिंझी यांचा गट ज्यावर काम करतोय ते मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्ध उत्तर आहे. व्हायरसने सीडी-४ हटवून काटा मिटलेला ठेवला ना, मग सीडी-४ ची नक्कल करणारे छोटे रेणू बाहेरून द्यायचे. ते काट्याच्या खाचेत जाऊन बसतात, काटा उमलायला लागतो, आणि एचआयव्ही असलेल्या लोकांच्या रक्तात आधीपासून असलेल्या, आजवर निरुपयोगी समजल्या गेलेल्या अँटीबॉडींना बसायला जागा मिळते. २०१५ मध्ये त्यांनी हे प्रयोगशाळेत संसर्ग झालेल्या पेशींवर दाखवलं. पुढे २०२१ मध्ये मानवी पेशी असलेल्या उंदरांत असा रेणू आणि अँटीबॉडी एकत्र दिल्यावर लपलेल्या व्हायरसचा साठा कमी झाला, औषध थांबवल्यावर व्हायरस परत यायला उशीर लागला, आणि हा परिणाम एनके पेशी असतील तरच दिसत होता.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने पहिलं काय विचारलं तर "मग गोळी कधी बंद होणार?" मी म्हटलं, बंद नाही करायची, उंदरातलं माणसात यायला वेळ लागतो आणि यातलं काहीही अजून उपचार म्हणून मिळत नाही. पण तुझ्या अँटीबॉडी बिनकामाच्या नाहीत, त्यांना बसायची जागा व्हायरसने लपवून ठेवलीय. त्यावर ती म्हणाली, मग ती जागा उघडणाऱ्यांचं पुढे काय होतंय ते मला सांगत जा. सांगत असते.